राखेखालचा विस्तव

कचेरीतून आलात की पगडी उतरवायच्या आधी हे वाचा. कल्याणहून माणूस आला होता. ताईला मुलगी झाली. घरात करणारं कोणी नाही, म्हणून दुपारच्या गाडीने मी जाते आहे. भात-आमटी झाकून ठेवली आहे.

चुलीतला विस्तव राखेखाली पुरला आहे, सासूबाई पुरायच्या तसा. हल्ली मी रोज पुरते आणि तुम्ही हसता, घरात विलायती काडेपेटी असताना ही कसली काटकसर म्हणून. काटकसर नव्हेच ती. पूर्वी आपली चूल विझली की मी लोखंडी पळी घेऊन शेजारी तुमच्या दादांकडे जायची. जाऊबाईंशी बोलता बोलता पळीतला निखारा काळा पडायचा, मग त्या हसून दुसरा घालायच्या. तुम्ही दोघे भाऊ अबोला धरून बसलात तेव्हाही आमचं हे चालू होतं. दोन्ही घरांत काडेपेट्या आल्या आणि तेही संपलं. आता भिंतीपलीकडून त्यांच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येतात. कधी त्यांची चूल विझली तर आपल्याकडे असावा, म्हणून विस्तव राखते. येत मात्र कोणी नाही.

काडेपेटी मी बरोबर नेते आहे. नाक्यावरून नवी आणू नका, माझी शपथ आहे. रात्री निखाऱ्यांवर राख नीट ओढा. तुम्हाला ते जमायचं नाही, सकाळी चूल थंडगार असेल, हे मला ठाऊक आहे.

पळी दाराशी ठेवली आहे.

— सत्यभामा