मारितचा उजवा हात

बेमिजी, ता. ४ मार्च

ती. सोल्वेगताईस,
मारितचा सा. न. वि. वि.

तळ्यावर अजून बर्फ आहे, ऑरिन रोज त्याला भोक पाडून मासे धरायला जातो. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालंय. कोपरात नस दबलीय. तुला ऐकू येतं, बोलता येतं. माझी जीभच हातात आहे. खुणा अर्ध्याच उमटतात आणि ऑरिन माझं वाक्य मनानेच पुरं करून लोकांना सांगतो. डॉक्टरांकडेही त्याने खुणांचा दुभाषी नको म्हटलं आणि मला ऑपरेशन नकोय असं सांगून टाकलं. मला कोणी विचारलंच नाही. तीस वर्षांच्या संसारात इतकं कोंडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

आठवण ठेव, एवढंच मागणं.
मारित

दुलुथ, ता. ९ मार्च

चि. मारितला अनेक आशीर्वाद.

अक्षर पाहून वाटलं, कागदावर कोंबडी नाचून गेली. लहानपणी माझ्याशी भांडताना तुझे हात थांबत नसत, आणि आता नवऱ्यापुढे गप्प बसतेस होय? डॉक्टरांना स्वतः चिठ्ठी लिही. माझ्या शेजारणीचं हेच झालं. कोपराला बोटाच्या पेराएवढी चीर, त्यातून कॅमेऱ्याची नळी, संध्याकाळी घरी. मात्र नस फार दिवस दबली तर बळ परत येत नाही म्हणे. ऑरिनला नमस्कार सांग, जरा रागानेच सांग.

जिवाला जप.
तुझी ताई

बेमिजी, ता. २ मे

ती. ताईस सा. न.

चिठ्ठी दिली. डॉक्टरीणबाईंनी दुभाषी बोलावला, मग ऑरिनला बाहेर बसवलं. ऑपरेशनला मी स्वतः हो सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी उजवा हात बधिर केलेला, मेल्यासारखा पडून होता. दोन तास डाव्या हाताने जेमतेम हो-नाही. त्या वेळी फार घाबरले.

मुंग्या थांबल्यात. करंगळी अजून वाकडीच आहे; ती सरळ होईलच असं बाई म्हणत नाहीत.

काल ऑरिन म्हणाला, त्याने नको म्हटलं ते भीतीने. ऑपरेशनमध्ये हात कायमचा गेला असता तर घरात त्याच्याशी बोलणारं कोण उरलं असतं? बोलताना रडला. मलाही वाईट वाटलं. तरी मी वाकड्या करंगळीनेच, सावकाश, त्याला कळेपर्यंत तीनदा सांगितलं: भीती तुझी होती, हात माझा आहे.

लोभ आहेच, तो तसाच राहो.
तुझी मारित