आठशे शब्दांची साक्ष

८ सप्टेंबर, सोमवार
लंडनचं पत्र आलं. निवड झाली. जानेवारीपासून सहा महिने, ख्रिस्ती मानवी हक्क संस्थेत इंटर्न. काम अ‍ॅडव्होकसीचं, म्हणजे तिथल्या खासदारांच्या दारात उभं राहून इकडच्या छळाबद्दल बोलायचं. बाबांचे आमच्या छावणी भागातल्या निम्म्या घरांना फोन करून झाले. पाळकसाहेब रविवारी चर्चमध्ये जाहीर करणार. करा. मी वकिलीची सनद घेतली तेव्हा ह्याच मंडळीत पाळकीणबाईंनी विचारलं होतं, "बरं, मग लग्नाचं काय?"

९ सप्टें., मंगळ.
हेलनबाईंचा व्हिडिओ कॉल. लंडनच्या ऑफिसात इंटर्न लोकांना सांभाळणाऱ्या. सारख्या मान तिरकी करून ऐकतात, दवाखान्यात पेशंटचं ऐकावं तसं. निवडीसाठी मी जो आठशे शब्दांचा मजकूर दिला होता तो म्हणे सगळ्यांना रडवून गेला. पुस्तिकेत छापलाय, वेबसाइटवर पण टाकलाय. मला न विचारता? अर्जात बारीक अक्षरात परवानगी होती म्हणे. वकील मी, आणि बारीक अक्षरं न वाचता सही. शाब्बास.

मजकूर काकांचा आहे. वैजापूरकडं आमचं गाव, तिथं काकांच्या घरी दर रविवारी प्रार्थना, पंधरा-वीस माणसं. दोन वर्षांपूर्वी गावातली आठ-दहा पोरं घुसली, गाण्याची पेटी फोडली, काकांना अंगणात ओढत नेऊन मारलं. काकांनी तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी बिनपेटीची गाणी म्हटली. हे सगळं लिहिलं मी. काकांचं नाव बदललं. गावाचं नाही बदललं. फोटोही दिला, दारात पाठमोरे उभे काका.

१२ सप्टें., शुक्र.
कोर्टाच्या आवारात असताना काकांचा फोन.
"रूथ, काय लिव्हलंस बाई तू आमच्याबद्दल?"
कुणीतरी तो मजकूर छापून, खाली मराठीत भाषांतर करून जात पडताळणी समितीत दिलाय. प्रीतीच्या फाइलला तक्रार म्हणून जोडलाय. प्रीती म्हणजे काकांची मुलगी. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला, एससीच्या सीटवर. वैधता प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. आलं नाही तर सीट जाते.
"त्यात लिव्हलंय म्हणं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. व्हय का?"
व्हय. लिहिलंय.

आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नसतं. आजोबांपासून बाप्तिस्मा सगळ्यांचा झालाय, पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू मांग. ख्रिस्ती म्हटलं की एससी सुटतं. फक्त बाबांनी मिशनच्या शाळेत नोकरी लागताना दाखल्यावर नुसतं ख्रिस्ती करून घेतलं, त्यामुळं मी खुल्या गटात. दोन सख्खे भाऊ, एकच देव, कागद दोन. आणि मी साऱ्या जगाला वाचता येईल असं इंग्रजीत लिहून ठेवलं.

१४ सप्टें., रवि.
चर्चमध्ये हार, टाळ्या. पाळकसाहेब म्हणाले, आपली लेक आता राजांपुढे उभी राहून साक्ष देणार. मी खाली बघत उभी. लोकांना वाटलं नम्र आहे.

घरी आल्यावर बाबांना प्रीतीचं सांगितलं. वाटलं होतं हादरतील. म्हणाले, "खोटा कागद कधी ना कधी उघडा पडणारच होता. पेत्रासारख्या शिष्यानंसुद्धा भीतीपोटी प्रभूला नाकारलं, शेवटी रडावं लागलं त्याला."
बाबांना बोलायला काय जातं. पेत्राला मेडिकलला नंबर लावायचा नव्हता. मी तसं म्हणाले. बाबा ताट सोडून उठले. रविवारचं मटण, मीच केलेलं, ते तसंच पडलं.

१८ सप्टें., गुरु.
हेलनबाईंना कॉल. मजकूर काढा म्हटलं, बहीण अडचणीत आलीये. आधी त्यांना समजेच ना. शाळेचा दाखला म्हणजे काय, त्यावर धर्म का, एकाच घरात दोन धर्म कसे. अर्धा तास समजावलं. समजलं तेव्हा बाईंचे डोळे चमकले. हो, चमकले. मी पाहिलं.

म्हणाल्या, धर्म बदलला म्हणून माणसाचा हक्क जातो, हा तर छळाचाच प्रकार. आपण हेच मांडू. तिकडं खासदारांची एक बैठक आहे, प्रीती ऑनलाइन बोलेल का? चेहरा झाकून चालेल.

ह्यांना माणूस दिसतच नाही, मुद्दा दिसतो. आणि सगळ्यात जास्त चीड ह्याची येते की बाईंचं खरं आहे. मुद्दा बरोबर आहे. प्रीतीची सीट जाऊन तो सिद्ध व्हायचाय, एवढंच.

मजकूर वेबसाइटवरून काढतील. "पण छापलेल्या प्रती गेल्या." बरं.

१९ सप्टें., शुक्र.
प्रीतीला होस्टेलवर भेटायला गेले. खाली बाकड्यावर बसवलं मला, वर नेलं नाही. मैत्रिणींना सांगून ठेवलं असेल काहीतरी.
"ताई, तुला माझी सीट खुपत होती. मला बारावीपासून माहितीये."
मी म्हटलं, वेडी आहेस का.
"पप्पांचं नाव बदललंस, मग गाव का नाही बदललं? तू वकील आहेस ना?"
मी काहीबाही बोलले. घाईत राहिलं, तारीख जवळ आली होती. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पप्पांना मारलं तेव्हा मी घरात होते. तू नव्हतीस. मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तू सांगितलंस आणि विमानात बसलीस."
अजून बसले नाहीये म्हटलं. हे काय उत्तर झालं?

रिक्षात सारखी तिला मनात शिव्या देत होते. फुकट शिकतेय आणि वर मिजास.

२१ सप्टें., रवि.
चर्चला गेले नाही. ताप म्हणून सांगितलं.

परवा जे लिहायचं टाळलं ते लिहिते, ही वही कुणी वाचत नाही. गावाचं नाव घाईत राहिलं नाही. आधी "एक गाव" असंच लिहिलं होतं. मग नाव घातलं, कारण नुसतं "एक गाव" म्हटलं की खोटं वाटतं, निवड करणारे विचारतील. आणि "तीन पिढ्या ख्रिस्ती" लिहिताना हात थांबला होता. प्रीती आठवली होती. पाच वर्षं मी सकाळी शिकवण्या घेऊन लॉ केलं, खुल्या गटाची फी भरून, आणि काकांनी पेढे वाटले मेडिकलचे. बाबा त्या पेढ्याला हात लावेनात, तेव्हा मीच सगळ्यांदेखत खाल्ला आणि गोड लागला नाही. हे सगळं आठवलं, आणि तरी लिहिलं. कुणी लंडनहून वैजापूरला कशाला येतंय, असं म्हणून लिहिलं.

चूक म्हणत होते दहा दिवस. नीच आहे मी.

२४ सप्टें., बुध.
समितीपुढं सुनावणी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, कपाळाला अष्टगंध. आयुष्यात पहिल्यांदा. मी बघितलं तर म्हणाले, "बघू नको."
अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी ओरडावं असं वाटत होतं, म्हणजे कुणावर तरी राग काढता आला असता.
"घरी प्रार्थना होते?"
"नाय."
"मारहाण झाली होती?"
"नाय. बांधावरून भांडण झालतं, मिटलं."
"हे लिहिणारी कोण?"
काकांनी माझ्याकडं बोट केलं. "पुतणी. तिला बाहेरदेशी जायचं व्हतं. पोरीनं मनानं लिव्हलं."

मला विचारलं, मजकूर तुमचा? हो. खरा आहे? मी म्हटलं, लेखी देते. सोमवारी अकरापर्यंत प्रतिज्ञापत्र द्या म्हणाल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर काकांनी रुमाल ओला करून कपाळ पुसलं, लाल होईस्तोवर. म्हणाले, "माझं मी खोटं बोललो. माझ्यापुरतं देवाशी बघून घीन. आता तुझं तू बघ."
मी म्हटलं, काका, लंडनला ह्यावर मोठं बोलतील, कायदा बदलावा म्हणून.
"लंकंत सोन्याच्या इटा. आमाला काय त्याचं?"

२६ सप्टें., शुक्र.
दोन मसुदे केले. एकात: मजकूर काल्पनिक, प्रत्यक्ष घटनेशी संबंध नाही. हे दिलं की काकांना मारणारी पोरं निर्दोष, तेही माझ्या सहीनं, शपथेवर. संस्थेला कळलं की लंडन संपलं, आणि उद्या कुणी खरं लिहिलं तरी लोक म्हणतील, ह्यांचं असंच असतं. दुसऱ्यात: मजकूर खरा आहे. मग प्रीती घरी.
तिसरा काही सुचत नाही. वकिली कशाला केली.

हेलनबाईंचा मेल. व्हिसाचे कागद लवकर पाठव, आणि "तुझ्या कुटुंबासाठी आम्ही प्रार्थना करतोय". करा, तुमच्या घरी करता येते.

२८ सप्टें., रवि.
सकाळच्या एसटीनं गावाला. काकांना विचारायला, काय लिहू. ओट्यावर बसले होते, दार सताड उघडं. आत चटया अंथरलेल्या नाहीत. बोलायला लागणार तोच वस्तीवरच्या शांताबाई आल्या, सत्तरीच्या, गाण्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्यातली रीत, आल्या आल्या सलाम.
"सलाम. आज अजून कुणीच कसं नाय आलं?"
"सगळ्यायला सांगितलं व्हतं. तुझ्यापस्तोर निरोप पोचला नाय वाटतं. इथं काय नसतं आता."
"म्हंजी पुढल्या रविवारी?"
"नाय, मावशी. घरी जा."
म्हातारीला उमगेना. माझ्याकडं वळली, हात धरला माझा. "मग ही लेक करील की प्रार्थना. दोन शब्द बोल गं बाई, एवढी चालत आले."
समोरच्या दुकानापाशी दोघं मोबाइल हातात घेऊन उभे होते. काका एकदम मोठ्यानं बोलले, रस्त्याला ऐकू जाईल असं.
"ती त्यातली नाय. आमच्यात कुणीच त्यातलं नाय."

म्हातारीनं हात सोडला. आम्हाला दोघांना एकदा नीट बघून घेतलं आणि गेली. मी तिच्यामागं गेले नाही.

पेटी फोडली, माणसाला मारलं, तरी ह्या घरातला एक रविवार चुकला नव्हता. आज चुकला. त्या पोरांना जे जमलं नाही ते मी केलं.

काकांना विचारायचं राहूनच गेलं. दोन्ही मसुदे स्टॅम्पपेपरवर टाइप करून पर्समध्ये आहेत, सही एकावरही नाही. उद्या अकराला द्यायचंय.