तीन पंप आणि पान एकेचाळीस

१ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आली. दोन दरवाजे, आठ सिलिंडर, नारिंगी रंग. बॉनेट एवढे लांब की पुढचे दिवे आपल्या आधी मुक्कामाला पोचतात. वयाने माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, प्रकृतीने बरीच बरी. निवृत्तीनंतर माणसाला छंद हवा असे सगळेच म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा कुंड्या असाव्यात.

आधीचे मालक सज्जन म्हातारे. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले की ही कार्बुरेटरची गाडी आहे, हिचे लाड करावे लागतात. सकाळी अ‍ॅक्सिलरेटर तीनदा दाबायचा, तीन पंप, मग किल्ली. मी एकतीस वर्षे वजनमापे निरीक्षक होतो. तीन म्हणजे तीन हे मला दोनदा सांगावे लागत नाही.

घरी सगळ्यांना तीन पंप मारून दाखवले. गाडीने अशी डरकाळी फोडली की शेजारच्यांचे मांजर गच्चीवर गेले. हिने कानांवर हात ठेवले, पण हसत होती. नोंद करून ठेवतो, कारण पुढे नाकबूल करेल.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला फेरफटका. मी, ही आणि लेक. पेट्रोल भरायला थांबलो, इंजिन बंद केले. भरून झाल्यावर सुरू होईना. तीन पंप, किल्ली. नुसते घर्रर्र. पुन्हा तीन पंप. पेट्रोलचा उग्र वास. मागे नऊ गाड्यांची रांग, नऊही हॉर्न चालू स्थितीत. शेवटी चौघांनी ढकलून बाजूला लावली. पाऊण तासाने थंड झाली आणि पहिल्या झटक्यात सुरू.

निदान अगदी सोपे आहे. बॅटरी.

हिला मिक्सरचे माहितीपत्रकसुद्धा शेवटपर्यंत वाचायची खोड. घरी आल्यावर गाडीच्या कप्प्यातले जुने मॅन्युअल चाळत बसली. म्हणाली, पान एकेचाळीसवर गरम इंजिनाचे काहीतरी वेगळे दिलेय. मॅन्युअल नवशिक्यांसाठी असते. मी पस्तीस वर्षे गाडी चालवतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवी बॅटरी. बँकेत दहा मिनिटे काम होते. बाहेर आलो, तीन पंप, किल्ली, घर्रर्र. पण आजचे घर्रर्र पूर्वीपेक्षा कितीतरी जोमदार. योग्य दिशेने चाललोय.

बँकेतून चालत आलो. व्यायाम झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीच्या लग्नाची तारीख ठरली. २८ मार्च, शुक्रवार, नोंदणी कार्यालयात पावणेअकराची वेळ. आधी तळ्याकाठी फोटो. लेक म्हणाली, जाईन तर बाबांच्या नारिंगी गाडीतूनच. मला एकदम भरून आले. खिडकीचा पडदा नीट करायच्या निमित्ताने उठलो.

मग हिने अट घातली. त्या दिवशी गाडी रस्त्यात रुसली आणि मी ती सुरू करू शकलो नाही, तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या मेहुण्याकडे जाणार. मेहुण्याचे फर्निचरचे दुकान आहे. गाडी दारात कायमची उभी करून इंजिनाच्या जागी फुलझाडे लावायची त्याची कल्पना. हे त्याने तोंडात घास असताना सांगितले. आठ सिलिंडरांच्या जागी झेंडू!

अट मान्य केली. हातात सत्तेचाळीस दिवस आहेत. मी तर दहाच धरलेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी वस्तादांच्या गॅरेजवर नेली. वस्ताद म्हणजे हातभर काजळी आणि जेमतेम चार शब्द. चांगली अर्धा तास फिरवून तापवली, बंद केली, दहा मिनिटे चहा घेतला, स्वतः बसले, सुरू! पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पाच वेळा. म्हणाले, साहेब, गाडीत काही दोष नाही. तुम्ही कशी सुरू करता ते एकदा दाखवा.

पस्तीस वर्षांच्या ड्रायव्हरला हे सांगायचे! मी गाडी घेऊन निघालो. काही यंत्रे परक्या माणसापुढे शहाण्यासारखी वागतात, एवढेच यातून सिद्ध होते. आमची लेकही लहानपणी पाहुण्यांसमोर अशीच असायची.

परतताना भाजीसाठी थांबलो. भाजी घेतली. गाडी तिथेच राहिली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मूळ सापडले. बॉनेटखालच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. उपाय एका जुन्या मासिकात मिळाला. नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे, लाकूड उष्णता शोषते. चोवीस लावले.

दुपारी हिने विचारले, दोरीवरचे चिमटे कुठे गेले. मी म्हणालो, संशोधनात. गच्चीवरच्या चादरी त्या वेळी शेजारच्या आवारात पोचल्या होत्या.

गाडी सुरू झाली नाही. चोवीस कमी पडतात.

२ मार्च, रविवार

चिमटे हे तात्पुरते काम, मला मुळावर घाव घालायचाय. इंजिनाची धग कार्बुरेटरला लागते म्हणून दोघांच्या मध्ये लाकडाचा जाड तुकडा बसवायचा. सुताराने फळी मागितली. घरात वापरात नसलेली उत्तम फळी होती. त्याने बेतून, भोके पाडून दिली. काम इतके सुबक की बघत राहावे.

आता हिने विचारले, चॉपिंग बोर्ड कुठे आहे. वापरात नव्हता असे माझे प्रामाणिक मत होते.

१० मार्च, सोमवार

फळीसह पहिली चाचणी. गाडी तापली की आत कांद्याचा वास येतो. बाकी फरक नाही. तीन पंप, घर्रर्र, तीन पंप, घर्रर्र. डोळ्यांतून पाणी आले, ते कांद्याने.

हिने फोनवर पुन्हा पान एकेचाळीसचा विषय काढला. मी सांगितले, मी सध्या मूलभूत प्रश्नावर काम करतोय, पानांवर नंतर येऊ.

१६ मार्च, रविवार

यश! संपूर्ण, निर्विवाद यश! चाळीस मिनिटे गाडी तापवली, केशकर्तनालयापाशी बंद केली, परत आलो, तीन पंप, किल्ली, डरकाळी! रस्त्यावर दोघांनी वळून पाहिले. चिमटे, फळी आणि आज नव्याने गुंडाळलेले ओले टॉवेल, तिन्ही उपायांचा एकत्रित परिणाम. घरी येताना शीळ घालत होतो.

मेहुण्याला फोन करून सांगितले की झेंडूची रोपे घेऊ नकोस. त्याने विचारले, आत किती वेळ होतास? खरे सांगायचे तर रांग होती. सव्वा तास. पण सव्वा तास हा मुद्दा नाही.

२३ मार्च, रविवार

शुक्रवारची योजना तयार. एक, सकाळी तीन पंपांनी गाडी सुरू करायची. दोन, नोंदणी कार्यालयाच्या दारापर्यंत ती बंदच करायची नाही. तळ्यावर फोटो होईपर्यंत इंजिन चालू. पेट्रोल जळेल, जळू दे. जी गाडी बंदच झाली नाही ती सुरू होत नाही असे कोण म्हणेल? हे इतके सोपे होते, मी उगाच खोलात शिरलो.

मेहुणा स्वतःची गाडी घेऊन मागून येणार म्हणतोय. शोभेला.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

कार्यालयातून आताच आलो. क्रमाने लिहितो.

९.१० ला तीन पंप, डरकाळी. लेक अशी सुंदर दिसत होती की मी गिअर टाकायला विसरलो. ९.४० ला तळे. इंजिन चालू. फोटोग्राफर म्हणाला, गाडी थरथरतेय, गाडीला टेकलेली नवरी फोटोत हललेली येतेय, इंजिन बंद करा. मी स्वच्छ नकार दिला. लेक म्हणाली, बाबा, दोनच मिनिटे. आता तिला आजच्या दिवशी नाही कसे म्हणायचे? बंद केली. दोनाची वीस झाली.

१०.०३. तीन पंप. घर्रर्र. १०.०६. तीन पंप. घर्रर्र. पेट्रोलचा वास, कांद्याचा वास. होणारा जावई भला माणूस, शेरवानीत धक्का मारायला तयार. १०.१२ ला समोरच्या काचेतून पाहिले तर मेहुणा खिशातून टेप काढून बॉनेटची लांबी मोजत होता. लेक हळूच म्हणाली, राहू दे बाबा, मामाच्या गाडीतून जाऊ. तिने ते फार प्रेमाने म्हटले. त्यापेक्षा ओरडली असती तर बरे झाले असते.

मी उतरून बॉनेट उघडले आणि आत पाहत राहिलो. काय पाहत होतो ते आठवत नाही.

एवढ्यात ही ड्रायव्हरच्या जागेवर बसली. चपला काढल्या. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून पार तळापर्यंत दाबला आणि तसाच धरून ठेवला. एकही पंप नाही. मग किल्ली. घर्रर्र, घर्रर्र, फट्, काळा धूर, आणि डरकाळी! माझे डोके बॉनेटला आपटले. मेहुण्याचा टेप सटकन आत गेला.

गाडी तिनेच चालवली. होणारा जावई तिच्या शेजारी, लेक आणि मी मागे, मध्ये फोटोग्राफरची तिपाई आणि ओले टॉवेल. १०.४१ ला दारात. सह्या वेळेवर झाल्या. माझी सही जरा वाकडी आली, डोळ्यांत पाणी होते आणि या वेळी जवळपास कांदा नव्हता.

ऐन वेळी मी बॉनेट उघडल्याने आत गार हवा गेली, त्याचाही वाटा असावा.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ९

अटीप्रमाणे गाडी मेहुण्याची. मी सुरू करू शकलो नव्हतो, करार म्हणजे करार. जड हाताने किल्ली चहाच्या ट्रेवर ठेवली. हिने ती उचलून स्वतःच्या जुडग्यात अडकवली आणि भावाला फोन करून सांगितले की गाडी सुरू झाली, तेव्हा विषय संपला.

मग मॅन्युअल काढले. पान एकेचाळीस. इंजिन गरम असताना पेट्रोल आधीच जास्त झालेले असते, पंप मारू नयेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा म्हणजे हवा आत जाते, मग किल्ली फिरवावी. साडेचार ओळी. सगळ्यांखाली पेन्सिलची रेघ. समासात हिच्या अक्षरात, २ फेब्रुवारी, यांना सांगितले. त्याखाली एकापुढे एक उभ्या रेघा. अकरा.

मी रोजनिशी मोजली. गरम गाडी सुरू न झाल्याच्या नोंदी सहा. उरलेल्या पाच मी लिहिल्याच नव्हत्या. एकतीस वर्षांत इतका अचूक काटा पाहिला नाही.

तिला विचारले, सरळ हात धरून का नाही दाखवलेस? म्हणाली, गाडी रुसली की दर वेळी सांगितले, अकरा वेळा, तेवढे पुरे होते. मग थोड्या वेळाने म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तुम्ही शीळ घालत नव्हता, फेब्रुवारीपासून घालायला लागलात, म्हणून मी फार जोर केला नाही. मला लाज वाटली आणि भयंकर बरेही वाटले.

निश्चय. पान एकेचाळीस पाठ. बारावी रेघ या घरात पडणार नाही.

संध्याकाळी ५.४०

दूध आणायला किल्ली मागून घेतली. वीस मिनिटे मुद्दाम लांबून गेलो, गाडी तापली. दूध घेऊन बसलो. पान एकेचाळीस शब्दन् शब्द आठवत होते. किल्ली हातात घेतली, आणि पायाने आपण होऊन तीन पंप मारले.

फोन केला. ही निघाली आहे. येताना पेन्सिल आणतेय.