टोकाची गाठ

ता. ८ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं धाकट्या जाऊने कळवलं. चार ओळी तुम्हीच लिहिल्या असत्या तर बोटं झिजली नसती. ह्यांचं तेरावं झालं, इथली ये-जा आता थांबली. घर खायला उठतं. तरी मी वेळेवर जेवते, काळजी करू नका.

तुम्ही गेल्यापासून बाल्कनीतली कपड्यांची दोरी गायब आहे. शेजारीण म्हणते, चोर. नवी सायकल सोडून दोरी नेणारा चोर मला एकदा बघायचाच आहे. सध्या कपडे खुर्च्यांवर वाळतात, घरभर पाहुणे बसल्यासारखे दिसतात.

एक विचारायचं होतं. ह्यांच्याबरोबर झाडं छाटणारे लोक म्हणाले, दोराच्या टोकाला गाठ नव्हती. कुठली गाठ? झाडावर कोणीही चढतो, खरं काम उतरण्याचं, असं हे सारखं म्हणायचे. मग उतरतानाच कसे पडले? तुम्ही खाली होतात. खरं सांगा. आणि तुम्ही चढणं सोडलंय म्हणे. तसं करू नका.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
तुमची वहिनी


ता. १७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दोरी मीच आणली. विरली होती. न सांगता उचलली, कान धरतो. सोबत नवी पाठवतोय.

दादाचं सांगतो. दोराचं एक टोक कमरपट्ट्याला असतं. दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, आणि त्या लोंबत्या भागावर कमरपट्ट्यालाच जोडलेली एक पकडगाठ असते. ती मुठीने ओढली की माणूस खाली सरकतो, हात काढला की जागीच थांबतो. दादा खोडाला पाय टेकत जिना उतरल्यासारखा यायचा. पण लोंबतं टोक जमिनीला टेकायला हवं. नाही पुरलं तर पकडगाठ टोकावरून निसटते. म्हणून टोकाला एक जाड गाठ कायमची मारलेली असते. पकडगाठ तिच्याशी अडते, माणूस लटकतो पण पडत नाही.

त्या दिवशी दोर अपुरा पडला आणि ती गाठ नव्हती. दोर धुताना मीच सोडली असणार. टोक टेकलंय का ते बघणंही खालच्या माणसाचंच काम, आणि मी फांद्या ओढत होतो. दोष माझा आहे, वहिनी. दुसरं काही शोधत बसू नका. मी आता कुठल्या तोंडाने चढू?

जमेल तेवढा लोभ ठेवा.
आपला धाकटा


ता. २४ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

दोरी मिळाली. अजून बांधली नाही.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तुमच्या दादालाही येत नव्हतं. ती गाठ तुम्ही सोडली नाही. ती माझ्या बाल्कनीत होती. मी तिला चिमट्यांची पिशवी अडकवत होते.

ह्यांनी दोर धुवून वाळत टाकला आणि दुपारचे झोपले. कपड्यांची दोरी आणतो, आणतो म्हणून महिना गेला होता. एवढ्या लांब दोरातला बाल्कनीपुरता तुकडा गेला तर काय बिघडलं, म्हणून मी गाठीकडून कापला. टोक उसवू नये म्हणून मेणबत्तीवर धरून वितळवलंसुद्धा, ह्यांनीच शिकवलं होतं तसं. इतकं नीट केलं की ह्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर दोरी बांधली. घरी आले की दाखवणार होते.

ती मला दिसू नये म्हणून तुम्ही नेलीत आणि दोष अंगावर घेतलात. गाठ कशासाठी असते हे तुम्ही समजावलंत, तेव्हा मला कळलं. तो दोष मला परत द्या, भाऊजी. मी खूप रडते. पण तो तुमच्या गळ्यात घालून मला जगता यायचं नाही. तुम्ही कामावर जा.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहून पाहते.
वहिनी


ता. ३१ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

आज चढलो. टोकाला गाठ मारली, ओढून पाहिली. उतरताना अर्ध्यावर दादाची आठवण आली. पकडगाठीवरचा हात काढला आणि तिथेच लटकून रडून घेतलं. मग खाली आलो.

दादाने चढण्याआधी सगळा दोर हातातून फिरवायला हवा होता. मी टोक बघायला हवं होतं. तुम्ही सांगायला हवं होतं. तिघांचं एकेक राहिलं. तुम्ही एकट्या सगळं मागाल तर मी देणार नाही.

रविवारी येतो. तोवर कपडे खुर्च्यांवरच राहू द्या. नवी दोरी दोघं मिळून बांधू.

लोभ आहे, वहिनी. पुन्हा विचारू नका.
आपला धाकटा