एकोणीस जणांचे कोड

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

वर्षाचा पहिला कोड कमलाबाईंचा! सकाळी साडेनऊला मोबाईल वाजला, सहा आकडे. मागोमाग त्यांचा फोन — "जयभीम विकास. आकडा आला का रे?" सांगितला. "जेवलास का?" साडेनऊला कोण जेवतं! तरी हो म्हटलं. "बरं बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

पाऊण मिनिट. या आठवड्यात घरच्यासारखं कुणी बोललं असेल तर तेवढंच. ऑफिसातलं 'सर, प्रिंटर चालत नाही' मी त्यात धरत नाही.

एकोणीस जणांचे कोड माझ्याकडे येतात. मीच ओढवून घेतलंय. २०१३ ला चाळीतल्या सगळ्यांना ई-मेल काढून दिले मी. कुणाच्या पोराचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म, कुणाला गॅस बुकिंग, कुणाला नुसतीच हौस. पासवर्ड विसरलात तर कोड कुठल्या नंबरवर पाठवायचा, असा एक रकाना असतो. तेव्हा आख्खी चाळ दर महिन्याला सिम बदलायची. नवी ऑफर आली की नवा नंबर! नंबर टिकणारा एकटा मी. म्हणून सगळीकडे माझाच ठोकला. यादी दरवर्षी नव्या डायरीच्या शेवटच्या पानावर उतरवतो. काल उतरवली.

कोडच्या मेसेजमध्ये नाव नसतं. मागून फोन येतो, आवाज ऐकला की कळतं कुणाचा.

रविवार, ४ जानेवारी

नवा फुटबॉल गेम घेतला. ग्राफिक्स एक नंबर, गवताची पाती मोजून घ्या. पण एका टीव्हीसमोर दोघांनी बसून खेळायचं, तर ते ऑप्शन मेनूत पार आत दडवलंय. त्यातही अर्धे मोड नाहीत! सगळं ऑनलाइन. समोरची अनोळखी पोरं दोन गोल खाल्ले की मॅच अर्धवट टाकून पळतात. शेजारी बसून खेळण्यातली मजा या कंपन्या मारून टाकणार, लिहून ठेवतो.

मी कोण बोलणार म्हणा. चाळीच्या जागी झालेल्या टॉवरचा ताबा मिळाला तेव्हा गेमच्या कन्सोलबरोबर दुसरा कंट्रोलरही घेतला. चार महिने झाले. त्याचं प्लास्टिक अजून तसंच आहे.

गेटवर पाहुणा आला की सोसायटीच्या अ‍ॅपवर विचारतात — सोडू का? चार महिन्यांत मी सोडले ते सगळे पार्सलवाले. त्या अ‍ॅपवर माझा आक्षेप आहे. वॉचमन पाहुण्याचा फोटो काढतो, तो फोटो जातो कुठे, राहतो किती दिवस? मीटिंगमध्ये विचारलं. सेक्रेटरी म्हणतात, "तुमच्याकडे येतं कोण!" सगळे हसले. मीपण हसलो.

सकाळी ११.०५ ला कोड आला. मागून फोन कुणाचाच नाही. रविवारी हे असंच चाललंय दिवाळीपासून. कुणाचं तरी बोट लागत असणार.

बुधवार, ७ जानेवारी

मेसेजच्या अ‍ॅपला सिम बांधायचा नवा नियम येतोय. ज्या नंबरचं अकाउंट, ते सिम त्याच फोनमध्ये हवं. फसवणूक थांबेल म्हणतात. थोडी थांबेलही, नाही म्हणत नाही. पण चोर दुसरं सिम आणेल आणि ताप आपल्याला! ऑफिसात पंधरा मिनिटं समजावलं. सीमा म्हणाली, "सर, तुमचा चहा गार झाला."

लोक वस्तू कशी वापरतात हे नियम करणाऱ्यांना कधीच कळत नाही. मिस्ड कॉल कुणी शोधला? कुठल्या इंजिनीयरनं नाही, आपल्या लोकांनी! २००५ ला चाळीत मी तिसऱ्या मजल्यावर, माझा दोस्त गुणाजी तळमजल्यावर. एक मिस्ड कॉल म्हणजे घरी आलोय. पाठोपाठ दोन म्हणजे खाली ये. उचलायचा नाही, उचलला तर शिव्या! दर रविवारी अकराच्या सुमारास दोन वाजायचे, मी जिन्यावरून धडधडत खाली. मग नाक्यावरचं सायबर कॅफे. एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, दोघं. डावीकडची बटणं त्याची, बाण माझे. आई वरून ओरडायची, "अरे काहीतरी खाऊन तरी जा!"

गुणाजीबद्दल लिहायचं नव्हतं. आलंच.

रविवार, ११ जानेवारी

११.०५. कोड. फोन नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

आज बोलणी खाल्ली.

कमलाबाईंची रश्मी आलीय डोंबिवलीहून. बँकेत असते. आईच्या फोनमध्ये काहीतरी करत होती, कोड माझ्याकडे आला, मग मला फोन. आवाज चढलेला. "विकासदादा, आईच्या अकाउंटला तुमचा नंबर कसा? किती डेंजरस आहे हे! तुम्ही स्वतः कॉम्प्युटरमधले ना?" मी २०१३, सिम, ऑफर वगैरे सांगायला लागलो. "मग आता २०२६ आहे," म्हणाली.

मागून कमलाबाईंचा आवाज — "अगं असू दे, तो आपलाच आहे."

रश्मीचं शंभर टक्के बरोबर आहे. हेच मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवतो. दुसऱ्याचा नंबर ठेवू नका, कोड कुणाला सांगू नका. स्लाईडच आहे माझी तशी! आणि घरी एकोणीस जणांचे कोड घेऊन बसलोय. मला काय ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वीच सगळ्यांचे स्वतःचे नंबर टिकायला लागले. तेव्हाच बदलून द्यायला हवे होते. नाही दिले, कारण फोन येणं बंद झालं असतं. घ्या. लिहिलं एकदाचं.

कमलाबाईंचा नंबर रश्मीने लगेच बदलला. यादीत अठरा.

गुरुवार, १५ जानेवारी

ठरवलं. सगळ्यांना सोडवायचं. आणि ते झालं की हा नंबरही बंद करायचा. ऑफिसचा आहेच. याचं रिचार्ज १ फेब्रुवारीला संपतं, पुढे करायचं नाही. बास.

आज सहा जणांना फोन केले. प्रितीवहिनी म्हणाल्या, "अय्या, अजून तुमच्याकडेच येतं ते? मला वाटलं बंद झालं." राजारामकाका दोनदा म्हणाले, "पण काही बिघडलंय का?" काही बिघडलं नाही काका. इथे दाबा, आता खाली दाबा, तुमचा नंबर टाका. झालं. प्रत्येकाला चार मिनिटं. शेवटी सगळे एकच — "ये ना एकदा घरी." एकाच टॉवरमध्ये राहतो आम्ही! कुणी वार सांगत नाही. मीही विचारत नाही.

रविवार, १८ जानेवारी

उरले सात.

आज ११.०६ ला कोड. या सातातला कोण हा दर रविवारी? सगळ्यांना विचारायला हवं.

मंगळवार, २० जानेवारी

लिफ्टमध्ये कमलाबाई भेटल्या. समोरासमोर, पंधरा दिवसांनी! हातात मेथीची पिशवी. "अरे सांगायचं राहूनच गेलं बघ. दिवाळीच्या आधी गुणाजी भेटला होता भायखळ्याच्या मार्केटात. शिवडीला राहतो आता, भाड्यानं. तुझी चौकशी करत होता."

मी विचारलं, काय म्हणाला?

"विक्याचा नंबर तोच आहे का म्हणाला. म्हटलं तोच आहे, त्याचा कधी बदलतो!"

नववा मजला आला, त्या उतरल्या. मी बाविसाव्यापर्यंत तसाच उभा. त्यालाही अकाउंटवरून माझा नंबर काढून टाकायचा असणार. मुलीनं सांगितलं असेल, पूर्वीनं, रश्मीसारखंच. आता मोठी झाली असेल ती, कॉलेजला.

लिहूनच टाकतो. २०२०, लॉकडाऊन. पूर्वी सहावीत. शाळा मोबाईलवर. गुणाजीचं गोदीकडचं काम बंद. तरी कुठून कुठून जमवून त्यानं तिला एक फोन आणला आणि तिसऱ्या मजल्यावर मला दाखवायला घेऊन आला. पोरीच्या हातात डबा, चेहरा नुसता फुललेला. मी डबा उलटा केला, मागचं वाचलं, आणि गॅलरीत दहा माणसांसमोर लेक्चर दिलं. रॅम किती, प्रोसेसर कुठल्या जमान्यातला, अपडेट येणार नाहीत. "कचरा उचललास रे. सहा महिन्यांत भंगारात टाकशील. मला विचारायचं तरी!" पूर्वीनं फोन ओढणीत लपवला. गुणाजी हळू आवाजात म्हणाला, "तिच्यासमोर बोलायची गरज होती का विक्या?" आणि मी काय म्हणावं? "खरं आहे ते बोललो." वा रे मी!

त्यानंतर तो वर आला नाही. पुढच्या वर्षी चाळ रिकामी झाली. खोली भावाच्या नावावर, त्यामुळे टॉवरमध्ये त्याला घर नाही. आई गेली तेव्हा मात्र आला होता. स्मशानात मागे उभा होता. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शनिवार, २४ जानेवारी

लॅमिंग्टन रोड. कन्सोलसाठी मेमरी बघायला गेलो. भाव असे चढलेत की नुसतं विचारून परत.

फोनच्या डब्यावर दुरुस्तीला किती सोपा याचे गुण छापायचं घाटतंय. व्हायलाच पाहिजे! बॅटरी गोंदानं चिकटवणाऱ्यांना शून्य द्या. नेहमीच्या रिपेअरवाल्याशी यावरच बोलत होतो. त्याच्या काउंटरवर एक फोन उघडा पडलेला. ओळखला मी. तेच मॉडेल, गुणाजीच्या पूर्वीचं! म्हटलं, हा अजून चालतो? तो म्हणाला, "साहब, ये मरता नहीं. बॅटरी बदलो, पाच साल और." झाकण नखानं निघतं, बॅटरी हातानं. सगळे गुण मिळतील याला.

सहा महिने म्हणालो होतो मी.

संध्याकाळी शेवटचे तीन फोन केले. यादीत एक. गुणाजी.

रविवार, २५ जानेवारी

११.०५. कोड!

आता दुसरं कुणी उरलंच नाही. म्हणजे दर रविवारचा हा. तीन महिने बिचारा अकाउंट उघडायला बघतोय, कोड माझ्याकडे येऊन पडतोय, आणि मला फोन करायचा नाही म्हणून तसाच सोडून देतोय. स्वाभिमानी. पहिल्यापासून.

नवव्या मजल्यावर गेलो. स्वतः, बेल वाजवून! कमलाबाई दार उघडून बघतच राहिल्या. "आकडा हवा का?" त्यांनाच सवय पडलीय. म्हटलं, गुणाजीचा नंबर हवा. दिला. वर म्हणाल्या, "तूच कर की फोन. किती दिवस चालवणार तुमचं?" चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. मेथीचे पराठेही.

वर येऊन मेसेज लिहिला. 'सॉरी यार त्या दिवशी' — खोडलं. 'पूर्वीचा फोन चांगला होता' — खोडलं. सहा वर्षांनी हे सांगायचं? तासभर तेच चाललं. शेवटी नुसते सहा आकडे पाठवले. कोडच. एक अक्षर नाही. निदान अकाउंट तरी उघडेल त्याचं.

वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. उत्तर नाही.

खरं तर कोड दहा मिनिटांत मरतो. मी पाठवला तेव्हा तो कधीच मेलेला. सहा आकड्यांचा कचरा पाठवला त्याला. कॉम्प्युटरमधला माणूस!

गुरुवार, २९ जानेवारी

उत्तर नाही. तरी रिचार्ज केलं. तीन महिन्यांचं. एका माणसासाठी नंबर ठेवायचा हा मूर्खपणा आहे, पण केलं.

चार दिवसांत एकही कोड नाही, म्हणून एकही फोन नाही. घर एवढं शांत आहे की फ्रिज बंद-चालू होताना कळतो. आईच्या फोटोशी बोललो आज. सिमच्या नियमाबद्दल.

रविवार, १ फेब्रुवारी

११.०४. कोड.

११.०५. परत कोड. पाठोपाठ दोन!

बाविसाव्या मजल्यावरून गेटजवळची माणसं नीट दिसत नाहीत. कुणीतरी उभं आहे. दुसऱ्या कंट्रोलरचं प्लास्टिक फाडलं, चार्जिंगला लावला. खाली चाललोय.