घेतली म्हणेपर्यंत

बाबा,

खुशालीचं नंतर, आधी चूक सांगते.

चहाचा कप समोरच्याने ‘घेतला’ म्हटल्याशिवाय तुम्ही सोडायचा नाहीत. आम्ही भावंडं तुमची नक्कल करायचो. आता सागरी बचाव केंद्रात तुमच्याच खुर्चीत बसते.

आज सकाळी एका रबरी होडीतून फोन आला. परदेशी निघालेली एकतीस माणसं, इंजिन बंद. होडी शेजारच्या देशाच्या हद्दीत होती. तिथल्या केंद्राला कळवलं आणि वहीत ‘सोपवली’ लिहून मोकळी झाले. नियम तुम्हाला पाठ आहे. ज्याला पहिला फोन आला, जबाबदारी त्याची. दुसरा ‘घेतली’ म्हणेपर्यंत.

दुपारी सहकारिणीने पाण्याची बाटली पुढे केली. मी सवयीने ‘घेतली’ म्हटलं आणि बाटली टाकून वही उघडली. सकाळी तिकडून कोणी तसं म्हटलंच नव्हतं.

फोन केला, तर तिथला अधिकारी म्हणाला, “आम्हाला वाटलं, तुम्हीच बघताय.”

भांडायला दोघांनाही वेळ नव्हता. त्याने विमान पाठवून होडी शोधली, मी जवळचं मालवाहू जहाज वळवलं. पाच वाजता कप्तानाचा निरोप आला, “एकतीस. सगळे जिवंत.” मी टेबलावर डोकं टेकून रडले.

तुम्ही नोकरी अचानक का सोडलीत, ते आता विचारणार नाही. हे पत्रही टाकणार नाही. पण आई सांगते, तुम्ही अजून झोपेत विचारता, “घेतली का?” पुढच्या वेळी मी उशाशी असले तर सांगेन. हो बाबा, घेतली.

आज सुटलेली,
तुमची धाकटी