तीन रंगीत पट्टे आणि माझी सही

मी, निकीफर सावेल्येविच द्रोनोव, वय ७७, राहणार सोस्नोव्का वसाहत, मॉस्को प्रांत, शिक्षण चौथी (पुढे युद्ध लागले), उच्च दाबाच्या प्रयोगशाळेतील सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीचा निवृत्त हिरेघाशा, शुद्धीवर राहून व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

१. राहते घर मुलगी राईसा हिला द्यावे.

२. बागेचा तुकडाही तिलाच. जावई व्हादिम यास माझ्या काकड्यांपेक्षा शेजाऱ्याच्या खारवलेल्या काकड्या आवडतात. माझ्या बरण्यांना त्याने हात लावू नये.

३. हिरे घासण्याची बिडाची तबकडी माझा सहकारी गेन्रिख ओत्तोविच वेबर, वय ७५, यास द्यावी. कारण लिहिणे मला भाग आहे.

गुरू ग्रहाच्या पोटात हायड्रोजन कोणत्या दाबाला किती दाट होतो, हे आमची प्रयोगशाळा दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये तो चिरडून मोजत असे. साहेब लेव मार्कोविच सर्वांसमक्ष म्हणत, "नाजूक जोडी गेन्रिखकडे द्या. द्रोनोव, तुम्ही आपलं जाड काम बघा." हे मी अकरा वर्षे ऐकले.

एकाने घासलेली जोडी दुसऱ्याने तपासायची आणि घासणाऱ्याने स्वतःच्या जोडीबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असा आमचा रिवाज होता. टोके समांतर असली तर भिंगाखाली एकच रंग दिसतो. १९८१ च्या मार्चमध्ये गेन्रिखच्या जोडीत मला तीन पट्टे दिसले. मी 'योग्य' असे लिहून सही केली. चार लाख वातावरणांच्या दाबाला हिरे फुटले. ठपका घासणाऱ्यावरच येत असे; गेन्रिखची बदली गोदामात झाली. पुढे माझी जोडी बारा लाखांपर्यंत टिकली आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझे छायाचित्र लागले. ते उतरवून त्याजागी हे कलम लावावे.

४. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे मनापासून लिहिणे मला आजही जमत नाही, म्हणून कायद्याने लिहीत आहे.

५. वरील मजकूर आज गेन्रिखसमोर वाचला गेला. तो म्हणाला, "सावेलिच, पट्टे मलाही दिसले होते रे. म्हटलं, तू अडवशील. तुझ्या नजरेतून आमची कुणाची चूक सुटायची नाही."
मी विचारले, "हे तेव्हा का नाही बोललास?"
"तुझी स्तुती? ती पण साहेबासमोर? मला नाही झेपली असती."

यावरून कोणतेही कलम बदललेले नाही.

स्थळ सोस्नोव्का, दिनांक ९ ऑक्टोबर २००६.
(सही) नि. सा. द्रोनोव

साक्षीदार : फाईना येगोरोव्ना ल्यापिना, शेजारीण, रोदिओन पावलोविच झूएव, दवाखान्यातील मदतनीस. गेन्रिख ओत्तोविच वेबर शेवटपर्यंत हजर होता. लाभ घेणारा असल्याने त्याची सही घेता आली नाही.